एका शब्दाने सगळ्यांचा खेळ का थांबला?



२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आपण डिस्कव्हरी गार्डन्सच्या वर्गात 'शब्द ओळखा' हा खेळ खेळलो, तो आठवतो ना? आम्ही मोठ्या गटाने तो संगणकावर बनवला होता. प्रत्येक घर आपल्या फोनवरून शब्द पाठवत होते. छोट्या गटातल्या एका मैत्रिणीने 'ज्ञानेश्वरी' लिहिले आणि सगळ्यांचाच खेळ एकदम बंद पडला. तिला रडू आले. तिला वाटले, आपलेच चुकले. पण तिचा शब्द अगदी बरोबर होता. चूक आमची होती. ती कशी झाली ते सांगतो.

एका वहीत चौघे एकदम लिहू लागले तर काय होईल? गोंधळ! संगणकात पुष्कळ कामे एकाच वेळी चालली की तसेच होते. त्यावर कार्ल ह्यूइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली 'ॲक्टर' ही कल्पना मांडली. ती समजायला मुंबईचे डबेवाले डोळ्यांसमोर आणा. त्यांचे काम १८९० पासून चालत आले आहे. प्रत्येकजण आपला टप्पा सांभाळतो आणि डबा पुढच्याच्या हाती देतो. झाकणावरची खूण वाचून पुढच्याला कळते, डबा कुठे न्यायचा. ॲक्टरचेही तसेच. प्रत्येकाची वही वेगळी, दुसऱ्याच्या वहीला हात लावायचा नाही. काही सांगायचे तर चिठ्ठी पाठवायची. एखादा डबेवाला आला नाही तर मुकादम दुसऱ्याला उभा करतो. ॲक्टरांवरही असा मुकादम असतो, त्याला सुपरव्हायझर म्हणतात.

आमच्या खेळात प्रत्येक घरासाठी एक ॲक्टर होता. मग एक पडल्यावर सगळे का पडले?

कारण शब्द तपासण्याचे काम लवकर व्हावे म्हणून तेवढा भाग आम्ही सी भाषेत लिहून आत जोडला होता. याला नेटिव्ह कोड म्हणतात. तो वेगाने चालतो, पण मुकादमाचे त्याच्यावर लक्ष नसते. शब्दासाठी आम्ही ३२ बाइटची जागा ठेवली होती. तपासताना शब्द घातले इंग्रजी अक्षरांत, आणि इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरतात. 'ज्ञानेश्वरी'त ११ चिन्हे, म्हणजे ३३ बाइट! शब्द जागेबाहेर सांडला आणि सगळा कार्यक्रम कोसळला.

आता नवे साधन निवडायचे म्हणून आम्ही तीन ओपन सोर्स साधने पाहिली. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा.

१) अर्लांग आणि तिचा ओटीपी हा संच. आमचा खेळ यातच होता. एरिक्सन कंपनीत १९८६ साली टेलिफोनच्या कामासाठी अर्लांगची सुरुवात झाली आणि १९९८ साली ती सर्वांना खुली झाली. व्हॉट्सॲप यावरच उभे राहिले. २०१२ साली त्यांनी एका सर्व्हरवर २० लाखांहून जास्त जोडण्या सांभाळल्या. नेटिव्ह कोड जोडायला इथे दोन वाटा आहेत. 'निफ' घरात राहतो. वेगवान, पण पडला तर घर घेऊन पडतो. 'पोर्ट' शेजारच्या घरात राहतो. चिठ्ठीला थोडा वेळ जातो, पण तो पडला तर मुकादम त्याला पुन्हा उभा करतो.

२) पेक्को. ही जावा आणि स्काला भाषांसाठी आहे. आधीच्या अक्का या लायब्ररीचा परवाना २०२२ साली बदलला, तेव्हा तिच्या जुन्या खुल्या कोडवरून अपाची संस्थेत पेक्को तयार झाली. मुकादम इथेही आहे, पण जावाच्या आत जोडलेला सी कोड कोसळला तर सगळे थांबते.

३) सी++ ॲक्टर फ्रेमवर्क. इथे सगळेच नेटिव्ह, म्हणून वेग चांगला. मात्र एका ॲक्टरने भलत्या जागी लिहिले तर बाकीच्यांनाही धोका.

आणखी एक वाट आहे. रस्ट भाषेत, रस्टलर या लायब्ररीने निफ लिहिला तर अशा पुष्कळ चुका आधीच पकडल्या जातात. डिस्कॉर्डने २०१९ साली हीच वाट घेतल्याचे सांगितले.

आम्ही अर्लांगच ठेवली, आणि निफऐवजी पोर्ट घेतला. आपल्या वर्गाला तेवढा वेग पुरतो. जागा वाढवली, आणि आता तपासणीचे सगळे शब्द देवनागरीतच असतात. मराठीचा खेळ इंग्रजी अक्षरांत तपासला, हीच खरी चूक होती.

घरी करून पाहा : आपल्या पूर्ण नावातली चिन्हे मोजा आणि ३ ने गुणा. ३२ च्या वर कोणाकोणाचे जाते? पुढच्या शनिवारी वर्गात सांगा. आणि त्या मैत्रिणीला आमचा निरोप : पहिला शब्द तूच पाठव, 'ज्ञानेश्वरी'च!