शिंकेसरशी वुजू तुटतो तेव्हा

सकाळी फिरायला, झुंबाला, बॅडमिंटनला जाणाऱ्या आपल्या भगिनी वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण उडी मारताना, धावताना, शिंकताना लघवीचे थेंब गळतात म्हणून काहीजणी गुपचूप व्यायाम सोडतात. नमाजी स्त्रीला तर दुहेरी काळजी: वुजू राहिला का, कपडे पाक आहेत का? या चर्चेत आम्हाला काही गैर वाटत नाही. दीन समजून घेताना लाज आड येऊ दिली नाही, म्हणूनच हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली होती.

मूत्राशयाला आणि गर्भाशयाला खालून झोळीसारखे तोलून धरणारे स्नायू असतात. बाळंतपण, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, वाढलेले वजन यांनी ते सैल पडतात. मग पोटात दाब वाढला की मूत्रमार्ग पुरता मिटत नाही. मूल न झालेल्या खेळाडू मुलींनाही हा त्रास होतो.

अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला व्यायाम आजही पहिला उपाय आहे. वायू रोखताना आवळतो तसे ते स्नायू आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, पूर्ण सैल सोडायचे. श्वास चालू ठेवायचा. पोट, मांड्या ताणायच्या नाहीत. एका वेळी आठदा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. फजर, असर आणि इशानंतर केला तर विसर पडणार नाही. शिंक येतेय असे वाटताच आधी आवळावे. लघवीची धार मध्येच रोखून सराव मात्र करू नये. पाणी तोडणेही चुकीचेच; घट्ट लघवीने मूत्राशय अधिकच चुरचुरते.

अधूनमधून थेंब गळत असेल तर जागा धुऊन वुजू पुन्हा करावा. नमाजच्या संपूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळत नसेल, तर ती स्त्री माजूर ठरते. हनफी मसलकात तिला त्या वेळेपुरता एक वुजू पुरतो. कोकणातल्या शाफई घरांत प्रत्येक फर्जसाठी नवा करतात. आपल्या बाबतीत नेमके काय, ते आलिमांना विचारावे. नमाज सोडू नये.

तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर या स्नायूंचे काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्ट भगिनीला दाखवावे. काहींचे स्नायू सैल नव्हे, उलट आखडलेले असतात. त्यांना वेगळा व्यायाम लागतो. जळजळ, लघवीत रक्त, किंवा अंग खाली उतरल्यासारखे वाटत असेल तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.