सांतोरिनीचे द्राक्षमद्य आणि त्याबरोबरचे अन्न

ग्रीसच्या मुख्य भूमीच्या आग्नेयेस सुमारे 200 किलोमीटरांवर, एजियन समुद्रात, सांतोरिनी हे चंद्रकोरीच्या आकाराचे बेट आहे. सुमारे 3,600 वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्यात बेटाचा मध्यभाग समुद्रात खचला आणि उरलेली भूमी राख व प्युमिस नावाच्या हलक्या, सच्छिद्र दगडाच्या जाड थराखाली गाडली गेली. त्या थराखालचे अक्रोतिरी हे नगर 1967 साली स्पिरिदोन मारिनातोस यांनी सुरू केलेल्या उत्खननामुळे उजेडात आले. या राखेतच आज बेटावरील द्राक्षबागा आहेत. तेथील मुख्य जात ‘असिर्तिको’ ही असून तिच्यापासून होणारे पांढरे द्राक्षमद्य त्याच्या तीव्र, स्वच्छ आंबटपणाबद्दल प्रसिद्ध आहे. मासळी, ऑलिव्ह तेल व लिंबू यांनी युक्त असलेल्या बेटावरील जेवणाशी ते उत्तम जुळते. मिष्टान्नाशी मात्र मुळीच जुळत नाही. या जुळण्याला आणि न जुळण्याला रसायनशास्त्रीय व शरीरशास्त्रीय कारणे आहेत.

प्रथम आंबटपणाचा उगम पाहू. द्राक्षात मुख्यत्वे दोन आम्ले असतात : टार्टारिक व मॅलिक. पहिले चिंचेत विपुल आढळते, दुसरे सफरचंदात. फळ पिकू लागले की मॅलिक आम्ल वनस्पतीच्या श्वसनक्रियेत खर्ची पडते आणि हवा जितकी उष्ण तितका हा खर्च अधिक होतो. म्हणून उष्ण प्रदेशातील द्राक्षे गोड होतात, पण सपक लागतात. टार्टारिक आम्ल उष्णतेला सहसा दाद देत नाही. त्याचा शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे पोटॅशियम. मुळांवाटे फळात आलेले पोटॅशियम या आम्लाशी संयोग पावून त्याचा आंबटपणा मारते आणि पुढे त्या लवणाचे स्फटिक पिंपाच्या तळाशी साचतात. सांतोरिनीच्या ज्वालामुखीजन्य मातीत पोटॅशियम अल्प आहे आणि असिर्तिकोच्या फळातील आम्ल बहुतांशी टार्टारिकच आहे. परिणामी भर उन्हाळ्यात पिकूनही या द्राक्षाचा आंबटपणा टिकतो. त्याच्या मद्याचे पीएच मूल्य सुमारे 3 भरते. उष्ण प्रदेशातील पुष्कळ मद्यांचे ते 3.5 च्या आसपास असते. हा फरक दिसायला लहान आहे. परंतु पीएच ही घातांकी मोजणी असल्याने 3 मूल्याच्या द्रवात हायड्रोजन आयन तिपटीहून अधिक असतात.

या मातीत चिकणमातीचा अंश जवळजवळ नाही, याचा आणखी एक लाभ झाला. एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळे कुरतडणाऱ्या किडीने युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या; भुसभुशीत राखेत ती तग धरू शकत नसल्याने सांतोरिनीचे वेल वाचले. ते आजही स्वतःच्याच मुळांवर वाढतात. वादळी वाऱ्यापासून फळाचे रक्षण व्हावे म्हणून शेतकरी वेल गोल गोल गुंडाळून जमिनीलगत त्याची टोपली विणतात आणि घोस त्या टोपलीच्या आत धरतात. या रचनेला ‘कुलुरा’ म्हणतात. पाऊस फारच थोडा असल्याने सागरी धुक्याचा ओलावा शोषून ठेवणारा प्युमिस हाच वेलीचा मोठा आधार होय.

आता ताटाकडे वळू. समुद्री माशांच्या पेशींत ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते. खाऱ्या पाण्याचा ताण सहन करण्यास ते माशांना साहाय्य करते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइनमध्ये रूपांतर करतात. ‘माशाचा वास’ म्हणून जो ओळखला जातो तो प्रामुख्याने याचाच. हे द्रव्य अल्कधर्मी व सहज उडून जाणारे आहे. आम्लाशी गाठ पडताच त्याचे लवण बनते, आणि लवण हवेत उडत नसल्याने वास नाकापर्यंत पोचत नाही. मासळीवर लिंबू पिळण्याची चाल जगभर आहे ती याचमुळे. कोकणात मासळीला आमसूल वा चिंच लावतात आणि जेवणात सोलकढी घेतात, त्यामागेही हेच तत्त्व दिसते. सांतोरिनीत भाजलेल्या माशाबरोबर असिर्तिकोचा घोट घेणारा मनुष्य एका अर्थी दुसऱ्यांदा लिंबू पिळत असतो.

लाल द्राक्षमद्य मासळीबरोबर धातूसारखे व उग्र लागते, ही तक्रार जुनी आहे. तिचा दोष पूर्वी टॅनिन या तुरट द्रव्यावर टाकला जाई. 2009 साली जपानी संशोधकांनी शिंपल्यांतील मांसाबरोबर अनेक मद्ये चाखून पाहिली, तेव्हा हा उग्रपणा मद्यातील लोहाच्या प्रमाणाबरोबर वाढतो असे आढळले. म्हणजे रंगापेक्षा लोह महत्त्वाचे. लोह अधिक असलेले पांढरे मद्यही माशाशी फटकून वागेल.

तळलेल्या पदार्थांविषयी एक गैरसमज प्रचलित आहे. आंबट पेय तेल ‘कापते’ असे म्हणतात. वस्तुतः आम्लात तेल विरघळत नाही. आम्लामुळे लाळ सुटते, आणि वाहती लाळ जिभेवरचा तेलाचा पापुद्रा पुढे लोटते. त्यामुळे पुढचा घास पहिल्यासारखाच चवदार लागतो. बेटावरील छोट्या टोमॅटोंची भजी, तळलेली बारीक मासळी, ऑलिव्ह तेलात परतलेली पांढरी वांगी, या सर्वांशी असिर्तिको जुळते ते या कारणाने. टोमॅटोच्या भज्यांबाबत आणखी एक गोष्ट घडते. आंबट खाल्ल्यावर जीभ आंबटाला सरावते आणि त्यानंतरचे सौम्य पेय मिळमिळीत वाटते. आंबट पदार्थाबरोबर त्याच्याइतकेच आंबट मद्य हवे, हा नियम त्यातून येतो.

बेटाचा आणखी एक खास पदार्थ म्हणजे ‘फावा’. पिवळी डाळ शिजवून, घोटून, वर तेल व कच्चा कांदा घालून तो वाढतात. ही डाळ लॅथिरस वंशातील आहे. विदर्भात होणारी लाखोळी याच वंशातली. पिठूळ, सौम्य डाळीला आंबट जोड आवश्यकच असते. मराठी घरात वरणभातावर लिंबू पिळतात ते उगीच नव्हे.

जुळत नाही ते कशाशी? गोड पदार्थ खाल्ल्यावर जीभ गोडाला सरावते, आणि मद्यातील आम्ल बोचरे होऊन उरते. बेटावरच्या लोकांनी यावर आपला उपाय शोधला आहे : द्राक्षे उन्हात वाळवून, त्यातील साखर दाट करून ते ‘विनसांतो’ हे गोड मद्य बनवतात. तिखटाचेही तसेच. मिरचीतील कॅप्सेसिन दाहाची जाणीव देणाऱ्या ज्या ग्राहीला चेतवते, तिलाच मद्यार्क अधिक संवेदनशील करतो. असिर्तिकोत मद्यार्क बहुधा 13 ते 14 टक्के असतो. झणझणीत रश्श्याबरोबर त्याने आग वाढेल, शमणार नाही. आणि मद्यार्काचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगितले पाहिजे की आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 साली मद्यपेयांची गणना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. वर वर्णिलेले आम्लाचे सर्व गुण लिंबू, कोकम व चिंच यांत मद्यार्कावाचून मिळतात.

सांतोरिनीच्या बागांपुढे मात्र आज वेगळाच प्रश्न आहे. 1956 च्या भूकंपानंतर अनेक कुटुंबे बेट सोडून गेली. पुढे पर्यटन वाढले, तशी बागांची जमीन घरे व हॉटेले यांखाली जाऊ लागली. त्यात 2023 व 2024 या लागोपाठच्या वर्षी अवर्षण व उष्णता यांनी पीक फारच घटले. असिर्तिकोची लागवड आता ग्रीसच्या मुख्य भूमीवर होते, ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर खोऱ्यातही होते. बेटावर मात्र पूर्वी ऑगस्टात होणारी काढणी आता त्या महिन्याच्या आरंभीच, क्वचित जुलैअखेरीसही हाती घ्यावी लागते. कारण टोपलीतला घोस आणखी काही दिवस उन्हात राहिला, तर साखर वाढते आणि ज्या आम्लासाठी हे द्राक्ष लावले ते कमी होऊ लागते.