पुलाचा सूर

उन्हाळा तोंडावर आला की तिरोड्याच्या बाजारात माठ विकायला येतात. घेणारी बाई माठ नुसता पाहत नाही. तो एका हातावर तोलून धरते, दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. खणखणीत वाजला तर भाव ठरतो. बद्द वाजला तर माठ मुकाट्याने खाली ठेवला जातो. तडा डोळ्यांना दिसत नाही, पण कानांना कळतो.

हीच युक्ती रेल्वेनेही वर्षानुवर्षे वापरली. गाडी मोठ्या स्टेशनात थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एक माणूस डब्यांची चाके ठोकत जाई, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. लहानपणी आपल्याला तो खेळ वाटे. तो खेळ नव्हता, ती परीक्षा होती. तडकलेले चाक वेगळे वाजते.

माठ आणि चाक वाजवून पाहता येते. मग पूल का नाही? तिरोड्याहून नागपूरकडे निघालो की मुंडीकोटा मागे पडते आणि तुमसर रोड येण्यापूर्वी वैनगंगा लागते. पुलावर येताच गाडीचा आवाज बदलतो. खिडकीतली मुले नदी बघतात, मोठी माणसे पाण्यात नाणे टाकून हात जोडतात. त्या वेळी पायाखालच्या तुळया किंचित वाकत आणि थरथरत असतात. हे त्यांचे दुखणे नव्हे. तो त्यांचा स्वभाव आहे. प्रश्न फक्त एवढाच, की ती थरथर नेहमीची आहे की वेगळी?

पट्टीचा प्रयोग

घरात एक मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी असेल तर आज दुपारी मुलांना घेऊन एक प्रयोग करून पाहा. पट्टी टेबलाच्या काठावर घट्ट दाबा, २५ सेंटिमीटर भाग बाहेर ठेवा आणि टोक वाकवून सोडा. ते सेकंदाला सुमारे १३ वेळा खालीवर होईल. डोळ्यांना दिसेल, पण सूर ऐकू येणार नाही. आता बाहेरचा भाग निम्मा करा. कंपने दुप्पट होतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती चौपट होतात, सेकंदाला सुमारे ५२, आणि पट्टी घुमू लागते. लांबी निम्मी, तर कंपने चौपट: तुळईचे हे गणित ऑयलर आणि डॅनियल बर्नुली यांनी १७५० च्या सुमारास घालून दिले.

म्हणजे प्रत्येक तुळईला स्वतःचा सूर असतो. तो तिची लांबी, जाडी, वजन, धातू आणि ती कशी टेकवली आहे यांवरून ठरतो. बाहेरचा धक्का नेमका त्याच लयीत बसत राहिला, की झोका चढावा तशी थरथर चढत जाते. तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. अशा संचाचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. त्याचा भार पेलणाऱ्या काँक्रीटच्या चौकटीचा सूर या पन्नासाच्या फार जवळ येऊ नये, याची काळजी अशी चौकट कागदावर असतानाच घ्यावी लागते.

अपघाताने शिकवलेले

धावत्या गाडीखाली तुळई कशी वागते, हा प्रश्न माणसाला पडला तो जीव गेल्यावर. २४ मे १८४७ रोजी इंग्लंडमध्ये चेस्टरजवळ डी नदीवरच्या रेल्वेपुलाची बिडाची तुळई गाडीखाली मोडली आणि पाच जण दगावले. पूल रॉबर्ट स्टीफन्सन यांच्यासारख्या नामांकित अभियंत्याचा होता. मग चौकशी आयोग बसला. प्राध्यापक रॉबर्ट विलिस यांनी उतारावरून गाडा सोडून तो लोखंडी पट्ट्यांवरून धावू दिला. गाडा स्थिर असताना पट्टी जेवढी वाके, त्याहून वेगात असताना ती जास्त वाके. जॉर्ज स्टोक्स यांनी १८४९ मध्ये त्याचे गणित मांडले. प्रयोग आणि आकडेमोड यांची जोडी तिथे जमली, ती आजतागायत टिकून आहे.

आपल्या रेल्वेच्या पूल नियमावलीत हा जादा भार सूत्रात बांधलेला आहे. ब्रॉडगेजच्या एकेरी मार्गावरील पोलादी पुलाला सहा मीटरच्या गाळ्यासाठी गाडीच्या भारावर सुमारे ८२ टक्के वाढ धरतात, तीस मीटरसाठी सुमारे ३७ टक्के. लहान पुलाला धक्का जास्त, हे ऐकून नवल वाटेल; पण बैलगाडीत दाटीने बसलेल्यांपेक्षा एकटा बसलेलाच जास्त उडतो, हे आपण जाणतोच.

आता विलिस यांच्या गाड्याची गरज उरलेली नाही. तुळईवर काडेपेटीएवढे किंवा त्याहूनही लहान संवेदक बसवतात, मोजमाप करणाऱ्या हातोड्याने ठोकतात किंवा जाणाऱ्या गाडीलाच हातोडा मानतात, आणि संगणक त्या थरथरीतून सूर वेगळे काढतो. दुसरीकडे त्याच तुळईचे संगणकात शेकडो लहान तुकडे करून तिचा सूर काय असायला हवा, ते गणिताने काढतात. दोन्ही जुळले तर ठीक. प्रत्यक्षातला सूर उतरला असेल, तर ताठरपणा कुठेतरी कमी झाला आहे: तडा असेल, गंज असेल, टेकू सैल झाला असेल. मात्र यात एक मेख आहे. लहानशा तड्याने सूर अगदी थोडा उतरतो, आणि तेवढा तो विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हानेही बदलू शकतो. म्हणून एकदा ठोकून भागत नाही; ऋतूमागून ऋतू नोंद ठेवावी लागते. बाईने आयुष्यात शंभर माठ वाजवलेले असतात, म्हणून तिला बद्द कळतो. पुलासारखा पूल दुसरा नसतो. त्याची तुलना त्याच्याच कालच्या सुराशी करावी लागते, आणि तो कोणीतरी लिहून ठेवलेला असावा लागतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. १५ जून २०२५ रोजी, रविवारीच, मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीखाली कोसळला. चार जण गेले. दोन्ही पुलांचा घात कंपनांनी केला, असे मुळीच म्हणायचे नाही. एक पुराचा बळी, दुसरा गंजाचा आणि गर्दीचा. पण कुंडमळ्याला पूल धोकादायक असल्याचा फलक लावलेला होता, हे विसरता येत नाही. यंत्र ऐकून सांगेल. ऐकल्यावर पूल बंद करणे हे माणसाचे काम, आणि बंद केलेल्या पुलावर न जाणे हेही माणसाचेच.

माठ बद्द वाजला की बाई तो खाली ठेवते. भाव कितीही उतरवला, तरी घरी नेत नाही. पुलाच्या बाबतीत तेवढे व्यवहारज्ञान आपल्या अंगी आले, तरी पुष्कळ झाले.