मुका ‘के’

पिरनवाडीला बहिणीकडे गेलो की भाचीचा अभ्यास माझ्या गळ्यात पडतो. गेल्या खेपेला इंग्रजी शब्दांचं पाठांतर चाललं होतं. नो म्हणजे जाणणे, नी म्हणजे गुडघा, नाइफ, नॉट. सगळ्यांच्या सुरुवातीला के आणि एन, आणि त्यातला के मुका. त्या के-पायी चाचणीत मार्क गेले होते, त्यामुळे प्रश्न रागानेच आला. ‘‘मामा, म्हणायचंच नाही तर लिहायचं कशाला?’’

‘नियमच आहे तसा’ हे मला लहानपणी मिळालेलं उत्तर. ते द्यायचं जिवावर आलं. खरं तर हा के पूर्वी उच्चारत असत. तीनेकशे वर्षांपूर्वी तो इंग्रजांच्या तोंडून गळाला, पण छापखान्यांमुळे स्पेलिंग तोवर ठरून गेलं होतं. जर्मन लोक गुडघ्याला अजूनही ‘क्नी’च म्हणतात.

‘‘आता क्नो म्हण, आणि शेजारी आपलं ज्ञान लिही,’’ मी म्हटलं. दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले. त्या मूळ भाषेतला ‘ग’सारखा ध्वनी संस्कृतात ‘ज’ झाला आणि इंग्रजी-जर्मनच्या शाखेत ‘क’. या शाखेतल्या अशा बदलांचा नियम याकोब ग्रिमने १८२२ मध्ये सविस्तर मांडला. भावाबरोबर परीकथा गोळा करणारा ग्रिम तो हाच! त्याच नियमाने ‘क्नी’ म्हणजे आपला जानु. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. हे ऐकल्यावर तिने उभं राहून स्वतःचे हात मोजले.

मग तिला शेजारची कानडी मैत्रीण आठवली. ती ‘ग्न्यान’ म्हणते आणि आमची बाई तिला हसते. आपण ‘द्न्यान’ म्हणतो, म्हणून आपलंच बरोबर, असा आपणा सगळ्यांचाच समज. मी म्हटलं, डॉक्टर डायग्नोसिस करतात त्यात ‘ग्न’ ऐकू येतो का बघ. ग्रीकमध्ये ग्नोसिस म्हणजे ज्ञान. इग्नोरंट म्हणजे अज्ञ, तिथेही तोच ‘ग्न’. कानडी द्रविड कुळातली, हा शब्द तिने आपल्यासारखाच संस्कृतातून घेतला. ग्रीकशी जुळलेला उच्चार हा योगायोग. तरी हसायचं काही कारण उरलं नाही. हे तिला पटलं असावं, कारण संध्याकाळी वही घेऊन ती त्या मैत्रिणीकडेच गेली.

प्रत्येक के-एनमागे असा नातेवाईक सापडत नाही, हेही तिला सांगून टाकलं. नाइफसारखा दिसणारा ओळखीचा शब्द मला आपल्याकडे काही आठवला नाही. नॉटचंही तेच. ते दोन तिने सरळ पाठ केले.