किनाऱ्यावरची थंडी खालून येते
डिसेंबर-जानेवारीत काशीद-नागावच्या सुरूच्या बनांत तंबू पडतात, तेव्हा अनेकांच्या पिशवीत साधा स्वेटरही नसतो. कोकणात कसली आलीय थंडी! अलिबागचं जानेवारीतलं सरासरी किमान तापमान १७-१८ अंशांच्या आसपास असतं. तरीही पहाटे माणसं कुडकुडत उठतात.

दोष बराचसा वाळूचा. निरभ्र रात्री ती झपाट्याने निवते आणि अंगाखालची ऊब शोषत राहते. स्लीपिंग बॅगमधला भराव वजनाने दबला की त्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. म्हणून पांघरुणाआधी अंथरुणाचा विचार करावा. फोमची चटई उत्तम. नसेल तर घरची जाड सतरंजी दुहेरी घालावी.

दुसरा त्रास ओलीचा. तंबू गच्च बंद केला की श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि थेंब गळू लागतात. वरची जाळी थोडी उघडी ठेवावी. उलटं वाटेल, पण कोरडा तंबूच उबदार राहतो. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तेव्हा दार पूर्वेला नको. समुद्रात भिजलेले कपडे घालून झोपणंही टाळावं. मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे ते धड वाळतच नाहीत.

बार्बेक्यूची शेगडी मात्र तंबूत कधीही आणू नका, विझत आलेलीसुद्धा. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला जागही येत नाही. त्यापेक्षा गरम पाण्याची पिशवी पायांशी घ्या, आणि तंबू भरतीच्या रेषेच्या बराच वर ठोका.