आवाज कुठल्या बाजूने?

बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्या मार्गावर, कर्जतच्या वर ठाकुरवाडी आहे. परवा नातवाबरोबर तिथल्या उतारावर उभा होतो. धडधडाट ऐकू आला. ‘ती बघ, उजवीकडून येतेय गाडी!’ मी म्हणालो. गाडी आली डावीकडून. निवृत्तीनंतर माझा डावा कान जवळजवळ गेला. ऐकू येते, पण दिशा कळत नाही.

बाजूचा आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित उशिरा आणि क्षीण. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण तेवढ्यावर मेंदू दिशा ओळखतो.

घरी नातवाने संगणकावरच्या खेळाचा हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. चित्रे उमटवणारे ग्राफिक्स कार्ड हजारो हिशेब एकदम करते. प्रकाशकिरण भिंतींवरून कसे परततात, हे काढण्याची रीतच आवाजालाही लावता येते. मग पडसादांसकट तो प्रत्येक कानाला वेगळा ऐकवायचा. खेळातली जागा बदलली की हिशेब पुन्हा, तत्क्षणी! एनव्हिडिया आणि एएमडी या कंपन्यांनी २०१६ साली अशी साधने जाहीर केली.

मला मात्र सारे उजवीकडूनच ऐकू आले. खतावणीतले एक पानच गहाळ, तर ताळेबंद जुळणार कसा? मी हेडफोन काढून ठेवला. नातू काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडताना तो मुकाट्याने माझ्या डाव्या बाजूला आला आणि त्याने माझा हात धरला.