एका लॅपटॉपवर दोन बिऱ्हाडं

संगमनेरचं अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय पुणे विद्यापीठाशी संलग्न. विद्यापीठाच्या संगणक प्रात्यक्षिकांसाठी लिनक्सची शिफारस असते; घरच्या लॅपटॉपवर मात्र बहुधा विंडोज. उपाय सोपा आहे. डिस्कचा तुकडा मोकळा करून तिथे उबुंटू हे लिनक्स बसवायचं. मग मशीन सुरू होताना ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम विचारतो, आज कोण हवंय?

आधी बॅकअप घ्यायचा, हे सांगायला नकोच. विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवलेली बरी.

खरी गंमत घड्याळाची. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. त्यामुळे विंडोजमध्ये परतल्यावर अनेकदा दुपारचे 3 वाजलेले असताना पडद्यावर सकाळचे 9.30 दिसतात! लिनक्सलाही स्थानिक वेळच ठेवायला सांगितलं की हा साडेपाच तासांचा घोळ थांबतो.